साडेदहा इंची एआर पिस्टल: आधी नीट चालते का ते बघा, मग नेमाचं

विचारलेलं थोडक्यात असं आहे. डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी ५.५६ कॅलिबरची, साडेदहा इंची बॅरलची एआर (एआर-१५ धाटणीची) पिस्टल घेतली, मागे ब्रेस (हाताला टेकवायचा आधार), वर रेड डॉट (लाल ठिपक्याची नेमाची साइट). इनडोअर रेंजवर पहिल्यांदा चालवली तर दहा यार्डांवर गोळ्या डॉटच्या दोनेक इंच खाली लागल्या, पुंगळ्या (रिकाम्या केस) पुढच्या बाजूला उडाल्या, एक-दोनदा शेवटच्या गोळीनंतर बोल्ट (चेंबर बंद करणारा आतला सरकता भाग) मागे थांबलाच नाही, आणि शेजारच्या लेनवाला आवाजाने वैतागला. आता ते विचारतायत की साइट खराब आहे का, बंदूक परत करू का, आणि टेस्टिंग-सेटिंग नीट करायचं तर सुरुवात कुठून करू.

मी इथे टेक्सासमध्ये बरीच वर्षं रेंजवर लोकांना शिकवतोय, आणि छोट्या बॅरलची एआर घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाची तक्रार हीच असते. साइट बहुतेक चांगली आहे आणि बंदूक परत करायचं आत्ता डोक्यातून काढून टाका. दहा यार्डांवर दोन इंच खाली लागणं हा बिघाड नाहीच, ते तसंच लागायला पाहिजे. का ते पुढे सांगतो. पुंगळ्या आणि बोल्ट हे मात्र आधी बघायचं, कारण जी बंदूक दर वेळी नीट चालत नाही तिचा नेम कितीही चांगला लावला तरी त्याचा उपयोग काय.

पण त्याच्याही आधी कायद्याचं बोलू, कारण आपल्या लोकांचं घोडं बऱ्याचदा इथेच पेंड खातं. तुमचं ग्रीन कार्ड आलंय म्हणता, मग ठीक. पण हे वाचणाऱ्यांत एच-१बी, एल-१, एफ-१ वाले खूप असणार म्हणून स्पष्ट लिहितो, नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा अ‍ॅम्युनिशन जवळ बाळगता येत नाही, काही मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. आणि "बाळगणं" म्हणजे फक्त विकत घेणं नाही, रेंजवर मित्राची हातात घेऊन दोन गोळ्या मारणं हेसुद्धा त्यातच येतं. वीकेंडला ऑफिसमधल्या पोरांना हौसेने रेंजवर नेताना त्यांचा व्हिसा कुठला, हंटिंग लायसन्स आहे का, हे आधी विचारा, फेडरल गुन्हा आहे आणि त्याच्यापायी इमिग्रेशनची सगळी वाट लागते. भारतात सामान्य नागरिकाला असलं हत्यार मिळतच नाही, त्यामुळे हे सगळं फक्त इथल्यांसाठी. इथेही सगळीकडे टेक्साससारखं नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय इथले कायदे फार कडक आहेत, तिकडच्या नातेवाइकांकडे ही गाडीत टाकून नेऊ नका.

दुसरं म्हणजे ही कागदावर पिस्टल आहे ते कशामुळे, ते डोक्यात पक्कं बसवा. रायफलचं बॅरल १६ इंचांच्या आत आलं की १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली ती शॉर्ट बॅरल रायफल, म्हणजे एसबीआर होते, आणि ती आधी रजिस्टर करावी लागते. तुमची पिस्टल आहे कारण ती कारखान्यातून पिस्टल म्हणून निघाली आणि तिला खांद्याला लावायचा स्टॉक नाही. ब्रेसबद्दल २०२३ मध्ये एटीएफने (बंदुकांवर देखरेख करणारं फेडरल खातं) जो नियम आणला होता तो जून २०२४ मध्ये टेक्सासमधल्याच फेडरल कोर्टाने रद्द केला, पण त्याच्या खालचा मूळ कायदा जिथल्या तिथे आहे. कपाटातल्या दुसऱ्या एआरचा स्टॉक काढून "जरा लावून बघू" असं पाच मिनिटंसुद्धा करायचं नाही. स्टॉकच हवा असेल तर फॉर्म १ (एटीएफकडचा परवानगीचा अर्ज) भरा, मंजुरी येऊ द्या, मग लावा. पूर्वी त्याला २०० डॉलर टॅक्स होता, १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झालाय, रजिस्ट्रेशन मात्र अजून लागतंच. आणि पुढे उभी ग्रिप लावू नका. एकूण लांबी २६ इंचांच्या आत असलेल्या पिस्टलला ती लावली की ती पुन्हा त्याच कायद्यात जाऊन बसते. हँड स्टॉप (हात पुढे घसरू न देणारा छोटा अडथळा) लावा, तो तर मी लावाच म्हणतो, त्याबद्दल खाली आहेच.

आता घरचं काम. मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढून लॉक करा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनसुद्धा बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण टेबलावर बंदूक उघडून काम करतानाच लोक गाफील होतात.

तेल बघा. नवी एआर बहुतेक वेळा कोरडी येते, बॉक्समधून येताना जे असतं ते गंज लागू नये म्हणून असतं, चालवायला ते पुरत नाही. बोल्ट कॅरिअरला ज्या पट्ट्या चमकतात, म्हणजे जिथे तो आत घासतो, तिथे आणि बोल्टला, कॅम पिनला हात ओशट होईल इतकं तेल लावा. छोटं बॅरल जास्त गरम चालतं, जास्त घाण करतं, त्यामुळे ते तेलही जास्त पितं. मग कॅरिअरवरची गॅस की बघा, तिचे दोन स्क्रू बाजूच्या धातूवर ठोसा मारून पक्के केलेले दिसले पाहिजेत, आणि मागच्या ट्यूबचा कॅसल नटही तसाच. हे नसेल तर मात्र दुकानदाराकडे न्या, त्यात लाज कसली.

रेड डॉटचे माउंट स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने घट्ट करा, अंदाजाने नाही, इंच-पाउंडवाला छोटा टॉर्क ड्रायव्हर स्वस्तात मिळतो. घट्ट केल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर येईल अशी पेंट पेनने एक बारीक रेघ ओढा. पुढे कधी नेम हलल्यासारखा वाटला तर पहिल्यांदा ती रेघ बघायची, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. निम्म्या "साइट खराब आहे" तक्रारी या रेघेवरच सुटतात.

आणखी एक, डॉट तुम्हाला गोल दिसतो का स्वल्पविरामासारखा, फुटलेल्या चांदणीसारखा? चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच जणांना तो असा दिसतो आणि ते साइट बदलत बसतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून डॉट बघा. फोटोत गोल येत असेल तर साइट बरी आहे, तुमच्या डोळ्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे. ब्राइटनेस कमी करा, तरीही नाही जमलं तर प्रिझम साइट घ्या, तिच्यात रेटिकल (नेमाची खूण) काचेवरच कोरलेलं असतं त्यामुळे ते फुटत नाही.

गोळ्यांचं. बॅरलवर काय छापलंय ते वाचा. ५.५६ लिहिलं असेल तर ५.५६ आणि .२२३ दोन्ही चालतं, नुसतं .२२३ लिहिलं असेल तर ५.५६ घालू नका. टेस्टिंगसाठी पितळी केसची, नावाजलेल्या कंपनीची साधी ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) बॉल अ‍ॅम्युनिशन घ्या आणि एकाच लॉटची थोडी जास्त घ्या, म्हणजे आज एक उद्या दुसरी असं होणार नाही. हिरव्या टोकाची एम८५५ इनडोअरला नेऊ नका, तिच्यात पोलादी तुकडा असतो, बऱ्याच रेंजवर दारातच लोहचुंबक लावून बघतात आणि परत पाठवतात.

आणि हे नीट वाचा. छोट्या बॅरलमध्ये .३०० ब्लॅकआउट खूप लोकप्रिय आहे, २०११ मध्ये साआमीने (गोळ्यांची मापं ठरवणारी अमेरिकन संस्था) मान्यता दिली तेव्हापासून, आणि योग्यच आहे, ती गोळी छोट्या बॅरलसाठीच बनवलीय, नऊ इंचांत तिचं काम होतं. पण तिची केस ५.५६ वरूनच केलेली, मॅगझीन तेच, बोल्ट तोच. .३०० ब्लॅकआउटचा राउंड (केससकट पूर्ण काडतूस) ५.५६ च्या चेंबरमध्ये जाऊन बोल्ट बंद होऊ शकतो, आणि मग .३० ची जाड गोळी .२२ च्या नळीत कोंबली जाते आणि बंदूक हातात फुटते. हे कुठलं पुस्तकी भय नाही, खरंच होतं. घरात दोन्ही असतील तर मॅगझीनचे रंग वेगळे ठेवा, गोळ्यांचे डबे वेगळे ठेवा, आणि एका दिवशी रेंजवर एकच कॅलिबर न्या. माझ्या वर्गात हा नियम कुणालाही माफ नाही.

आता रेंजवर. पहिल्या खेपेला नेमाकडे बघायचंच नाही. टारगेट सात-दहा यार्डांवर लावा, कागदावर लागतंय एवढं पुरे.

मॅगझीनवर पेंटने नंबर टाका, एक, दोन, तीन, चार. मग प्रत्येक मॅगझीनमध्ये एकच गोळी भरा. घाला, बोल्ट सोडा, मारा, बघा बोल्ट मागे थांबला का. दुसरं मॅगझीन, पुन्हा तेच. असं सगळ्या मॅगझीनशी दोन-तीनदा करा. कंटाळवाणं आहे पण तुमच्या बोल्टच्या तक्रारीचा सोक्षमोक्ष इथेच लागतो. फक्त तीन नंबरचंच मॅगझीन अडत असेल तर दोष मॅगझीनचा, ते फेका. सगळ्यांतच अधूनमधून अडत असेल तर दुसऱ्या कुणाला मारायला द्या आणि तुम्ही बाजूला उभं राहून त्याच्या डाव्या हाताकडे बघा. एआरचा बोल्ट कॅच डाव्या अंगाला असतो, नवा माणूस मॅगझीनच्या खाचेपाशी आवळून धरतो आणि अंगठा नकळत त्या पट्टीवर टेकतो, मग ती वर उचलली जात नाही. तुमचं बहुधा हेच असणार, कारण तुम्ही लिहिलंय की "घट्ट धरून मारत होतो". हात पुढे हँडगार्डवर न्या आणि पुन्हा तीच परीक्षा घ्या.

हात पण बरोबर असेल आणि मॅगझीन पण, तर मग गॅस. ही गोष्ट जरा समजून घ्या, कारण छोट्या बॅरलचं सगळं वागणं यातच आहे. गोळी बॅरलमधून पुढे जाते, वाटेत एक बारीक भोक आहे, त्यातून थोडा गॅस मागे येऊन बोल्ट ढकलतो. कार्बाइन गॅस सिस्टिममध्ये हे भोक चेंबरपासून साधारण साडेसात-पावणेआठ इंचांवर असतं. १६ इंची बॅरलमध्ये गोळी भोकाच्या पुढे अजून आठेक इंच नळीतच असते, तोवर मागून गॅसचा दाब चालू राहतो. तुमच्या साडेदहा इंचीत भोकापुढे जेमतेम तीन इंच. म्हणजे दाब फारच थोडा वेळ मिळतो, म्हणून बनवणारे भोक मोठं करतात, आणि हमखास चालावं म्हणून बरेचदा गरजेपेक्षा मोठं करतात. मग बोल्ट फार जोरात मागे येतो. पुंगळी (नळीचं तोंड बारा धरलं तर) पुढे एक-दोन वाजताच्या दिशेला उडते, धक्का टोचल्यासारखा लागतो, पुंगळीच्या कडेला ओरखडे येतात, आणि बोल्ट इतका वेगात येतो-जातो की कधी कधी मॅगझीनच्या फॉलोअरला (गोळ्या वर ढकलणारी आतली पट्टी) कॅच उचलायला वेळच मिळत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी याच्यातही बसतात, म्हणून आधी हात आणि मॅगझीन तपासायला सांगितलं.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे, बफर (मागच्या ट्यूबमधलं, बोल्टचा धक्का झेलणारं वजन) बदला. नेहमीचा कार्बाइन बफर ३ औंसांचा असतो, एच साधारण ३.८ चा, एच२ साधारण ४.६ चा. साडेदहा इंचीला मी सहसा एच२ पासून सुरू करतो. एक पायरी जड घाला, पुन्हा एक-एक गोळीची परीक्षा घ्या. पुंगळ्या तीन ते साडेचार वाजताच्या मधे पडायला लागल्या आणि बोल्ट दर वेळी थांबतोय, की झालं, हात काढा. फार जड घातला तर उलटं होईल, पुंगळी मरगळून मागे पाचच्या दिशेला पडेल, बोल्ट अर्धवट येईल. आणि हे तुमच्या रोजच्या गोळ्यांवरच करा, कारण ५.५६ आणि हलकी .२२३ यांच्या दाबात फरक असतो, एकीवर लावलेलं दुसरीवर बिघडू शकतं. बॅरलच्या भोकाला ड्रिल लावायच्या फंदात पडू नका, ते बंदूकवाल्या कारागिराचं काम.

बफर ठरला की त्याच गोळ्यांच्या दोनेकशे राउंड विनाअडथळा गेल्या पाहिजेत, सगळी मॅगझीन फिरवून. मधे अडली तर कुठल्या नंबरचं मॅगझीन, कितवी गोळी, काय झालं हे तिथल्या तिथे लिहा, घरी जाऊन आठवत नाही.

आता तुमचा तो दोन इंचांचा प्रश्न. एआरवर रेड डॉट नळीच्या मध्यापासून साधारण २.६ इंच उंच बसतो. तुम्ही बघताय वरून, गोळी निघतेय खालून. दोन्ही रेषा कुठेतरी पुढे एकमेकींना भेटवायच्या, त्यालाच झीरो करणं म्हणतात. भेटायच्या आधी गोळी डॉटच्या खालीच असणार, आणि जितकं जवळ तितकी जास्त खाली. मी या बॅरलला ५० यार्डांचा झीरो देतो. ५५ ग्रेनची गोळी धरली तर मग दहा यार्डांवर ती साधारण दोन इंच खाली लागते, २५ ला एक इंचाहून किंचित जास्त खाली, ५० ला बरोबर, १०० ला साधारण इंचभर वर, १५० च्या आसपास पुन्हा जवळपास डॉटवर आणि २०० ला तीनेक इंच खाली. म्हणजे कुणीतरी दुकानातच तुमची साइट ५० च्या आसपास लावून दिलीय असं दिसतंय, आणि तुम्ही ती बिघडली म्हणून फिरवणार होतात. दहा यार्डांवर डॉटवर लागेल अशी केलीत तर ५० ला ती बऱ्याच वर जाईल आणि पुढे तर विचारूच नका.

इनडोअर रेंज २५ यार्डांची असेल तरी काम होतं. कागदावर एक इंची चौकट काढा, तिच्या मध्यापासून सरळ खाली सव्वा इंचाच्या जरा आत एक टिंब काढा. नेम चौकटीवर धरायचा, गोळ्या त्या टिंबाभोवती पडायला हव्यात. बेंचवर बसा, पुढे वाळूची पिशवी हँडगार्डच्या खाली, बॅरलला कशाचाही टेकू नको, मॅगझीन टेबलाला टेकू देऊ नका. पाच गोळ्या मारा, एक झाली की लगेच बटण फिरवू नका. पाचांचा मध्य काढा, तो टिंबापासून किती दूर आहे ते मोजा. बहुतेक रेड डॉटची एक क्लिक अर्ध्या एमओएची (कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) असते, २५ यार्डांवर ती इंचाचा आठवा भाग धरा, ५० यार्डांवर पाव इंच. एक इंच वर न्यायचं तर २५ ला आठ क्लिक. बाणाची दिशा म्हणजे गोळी कुठे जायला हवी ती, डॉट कुठे जायला हवा ती नाही, इथे लोक हमखास गोंधळतात. क्लिका मोजून फिरवा, पुन्हा पाच मारा. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. मग संधी मिळाली की उघड्या रेंजवर ५० ला जाऊन पक्कं करा, २५ वरचा झीरो हा फक्त जवळपास आणून सोडतो.

ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा झुबका, किती आवळलेला हवा म्हणाल, तर साधी बॉल अ‍ॅम्युनिशन, २ एमओएचा डॉट, ५० यार्ड, दहा गोळ्या, दोन इंचात आल्या तर मी खुश. तीन गोळ्यांचे फोटो टाकून "अर्धा इंच" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात, दहांत बंदुकीचं आणि माणसाचं खरं काय ते दिसतं. चांगली ६९ किंवा ७७ ग्रेनची मॅच अ‍ॅम्युनिशन एकदा मारून बघा, तुमच्या बॅरलची ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) १:७ किंवा १:८ असेल तर ती तिला चांगली मानवते, ग्रुप एकदम आवळतो आणि मग कळतं की बॅरल चांगलं आहे, गोळ्या साध्या होत्या. आणि फेऱ्यांच्या मधे बॅरल निवू द्या. पातळ, छोटं बॅरल तापलं की ग्रुप सरकतो, आणि तुम्ही सरकलेल्या ग्रुपच्या मागे क्लिका फिरवत बसाल.

लोकांना लांबीने अचूकता जाते असं वाटतं. अचूकता नाही जात, वेग जातो. २० इंची बॅरलमधून एम१९३ (५५ ग्रेनची लष्करी गोळी) साधारण ३२०० फूट प्रति सेकंदाने निघते, साडेदहा इंचीतून साधारण २६०० ते २७५०, गोळ्या कुठल्या त्यावर. तुमचा आकडा जाणून घ्यायचा तर कुणाकडून रडारवाला क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मागून आणा, गार्मिनचा खिशात मावेल एवढा मिळतो, आणि तो बाजूला ठेवायचा असतो म्हणून छोट्या बॅरलच्या भपकाऱ्याने तो गडबडत नाही, जुने फोटो-सेन्सरवाले गडबडतात. आकडा मिळाला की तो फोनवरच्या बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये साइटच्या उंचीसकट घाला, वरचे माझे अंदाज तुमच्या बंदुकीचे होतील. पण त्या आकड्यासाठी जीव टाकू नका, जो वेग गेला तो बॅरलबरोबर गेला, दुसऱ्या कुठल्या गोळीने तो परत येत नाही.

शेजारच्या लेनवाल्याचं म्हणणं मात्र अगदी रास्त आहे. जी पावडर २० इंचांत जळायची ती साडेदहात पुरती जळत नाही, उरलेली बाहेर येऊन पेटते, त्यामुळे तो जाळ आणि तो दणका. अशा बंदुकीचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, आणि कानाला एका धक्क्यात इजा होण्याची मर्यादा १४० धरतात. छताखाली तर भिंतीवरून परत येतो. कानात फोमचे बोळे नीट खोल, कान वर ओढून घातलेले, आणि त्याच्यावर इअरमफ, दोन्ही पाहिजेत, नुसता एक नाही. तुमच्या बंदुकीला मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा धक्का कमी करणारा भाग) असेल तर तो काढून साधा फ्लॅश हायडर (जाळ कमी करणारा) लावा, नाहीतर दणका पुढे फेकणारं डिव्हाइस लावा. ब्रेक गॅस बाजूला सोडतो, म्हणजे थेट शेजाऱ्याच्या तोंडावर. सायलेन्सर हा पुढचा विषय, त्याचाही टॅक्स आता शून्य आहे, पण त्याने मागे येणारा गॅस वाढतो आणि बफरचं गणित पुन्हा मांडावं लागतं.

इनडोअर रेंजवर शिशाची धूळ असते, प्रायमरमधूनही येते. निघताना हात-तोंड गार पाण्याने आणि साबणाने धुवा, घरी गेल्यावर कपडे आधी बदला मग पोरांना उचला, रेंजचे बूट घरात नकोत. आपल्याकडे चपला-बूट दाराबाहेर काढायची सवय आहेच, ती इथे उपयोगी पडते.

हँड स्टॉपचं राहिलं. हँडगार्ड नऊ-दहा इंची आणि बॅरल साडेदहा, म्हणजे पुढचा हात जरा घसरला की बोटं मझलच्या तोंडाशी. हँडगार्डच्या पुढच्या टोकापासून दोनेक इंच मागे, खालच्या बाजूला स्टॉप लावा, करंगळीच्या बाजूने नाही तर तर्जनीच्या पुढे येईल असा. डोळे मिटून बंदूक उचलली तरी हात तिथेच अडकला पाहिजे. ही तुमच्या यादीत नव्हती पण मी हिला रेड डॉटच्याही आधी पैसे देईन. तशीच स्लिंग, ती लावा, म्हणजे टारगेट बदलताना बंदूक टेबलावर इकडेतिकडे तोंड करून पडणार नाही.

सेट झाल्यावर एक दिवस फक्त जवळच्या अंतरांना द्या. तीन, सात, दहा, पंधरा, पंचवीस यार्ड, प्रत्येक ठिकाणी एक छोटा गोल आणि पाच गोळ्या, डॉट गोलाच्या मध्यावर. किती खाली लागतं ते मोजून लिहा. मग पुन्हा तेच, या वेळी डॉट तितका वर धरून. तीन यार्डांवर जवळपास अडीच इंच खाली लागलेलं बघितलं की कुणाचाही विश्वास बसत नाही, म्हणून स्वतः बघा. या बंदुकीचं बहुतेक काम याच अंतरात होणार, आणि १०० यार्डांवरच्या ग्रुपपेक्षा हे आकडे तोंडपाठ असणं मला महत्त्वाचं वाटतं.

घरासाठी ठेवणार असाल तर त्यासाठी निवडलेल्या राउंडची दोन-तीन मॅगझीनं तरी याच बंदुकीतून मारून बघा, झीरो त्याच राउंडवर पक्का करा, सरावाच्या आणि त्या राउंडमध्ये फरक दिसला तर लिहून ठेवा. एकच राउंड चेंबरमध्ये पुन्हा पुन्हा घालू-काढू नका, गोळी केसमध्ये मागे सरकते आणि दाब वाढतो. दर खेपेला पुन्हा भरताना तो राउंड नव्या राउंडशेजारी धरून बघा, बुटका दिसला की बाजूला काढा. आणि पोरं घरात आहेत म्हणता, तर ही पलंगाखाली किंवा कपाटाच्या वर नाही, तिजोरीत, झटकन उघडणाऱ्या पण कुलूप असलेल्याच. रेड डॉटची बॅटरी वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी बदला, दसऱ्याला शस्त्रपूजा करता तेव्हाच बदललीत तर विसरायला होत नाही, आणि त्याच दिवशी स्क्रूवरच्या रेघाही बघून घ्या.